सातारा-सांगलीतून बर्फावर : दिव्यांग स्की-शर्यतपटूने कारकीर्द कशी उभारावी

अल्पाइन स्कीइंग म्हणजे पायांना स्की, म्हणजे लांब अरुंद पट्ट्या, बांधून बर्फाच्या उतारावर रोवलेल्या फाटकांमधून वळणे घेत कमीत कमी वेळात तळाला पोहोचण्याची शर्यत. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील दिव्यांग मुलाने वा मुलीने या खेळाचे नाव काढले, की घरचे पहिल्यांदा बर्फाचे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण सुरुवातीच्या काळात खरी अडचण बर्फाची नसते. खांदे, कंबर, तोल, कागदपत्रे आणि पैशाची तजवीज ही कामे इथेच करायची असतात, आणि ती कच्ची ठेवून काश्मीर गाठणाऱ्याचा पहिला हिवाळा पडण्या-उठण्यातच सरतो.

म्हणून आधी इथे वर्षभर खेळता येईल असा एखादा पॅरा खेळ, म्हणजे दिव्यांगांसाठीचा खेळ, धरावा आणि स्कीइंग त्याच्या जोडीला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. या भागात त्याची परंपराही आहे. पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले, तर आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत एफ-४६ या हाताचे दिव्यांगत्व असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य जिंकले. दोन खेळ एकत्र निभतात का, याचे उत्तर जपानच्या मोमोका मुराओका यांनी दिले आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात त्या टोकियोत व्हीलचेअरवरून १०० मीटर धावल्या आणि जेमतेम सहा महिन्यांनी बीजिंगच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी बसून स्की करणाऱ्यांच्या गटात तीन सुवर्णपदके घेतली.

आपला गट ओळखणे

या खेळात उभे राहून, बसून आणि दृष्टिबाधित असे तीन विभाग आहेत. उभ्या विभागात एका पायावर एकच स्की व हातात दोन आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की असलेल्या कुबड्या, घेऊन उतरणारे असतात. कृत्रिम पाय लावून दोन स्कींवर उतरणारे असतात, तसेच एका काठीने किंवा काठीविनाही उतरणारे असतात. ज्यांचे पाय साथ देत नाहीत ते सिट-स्कीवर बसतात. धातूच्या सांगाड्यावर घट्ट खुर्ची, खाली धक्के झेलणारी स्प्रिंग आणि त्याखाली एकच स्की, अशी तिची रचना असते. दृष्टिबाधित खेळाडूपुढे डोळस मार्गदर्शक धावतो व हेल्मेटमधील यंत्रावरून सूचना देतो. पदक दोघांनाही मिळते.

एकाच विभागात कमी-अधिक दिव्यांगत्वाचे खेळाडू एकत्र धावत असल्याने घड्याळातील वेळेला प्रत्येकाच्या वर्गासाठी ठरवलेल्या गुणांकाने गुणले जाते. हे गणित समजून घेतल्याशिवाय निकालपत्रक वाचता येत नाही. उदाहरणादाखल गुणांक ०.८५ असलेला खेळाडू ६० सेकंदांत उतरला, तर त्याची वेळ ५१ सेकंद धरली जाते, गुणांक ०.९५ असलेला ५५ सेकंदांत उतरला, तर ती ५२.२५ होते. म्हणजे घड्याळात पाच सेकंद मागे असूनही ०.८५ वाला जिंकला. गुणांक शर्यतीच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि वेळोवेळी बदलले जातात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीनंतर मिळणारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र, यांवरील टक्केवारी सरकारी सवलतींसाठी असते. खेळातील वर्ग त्यावरून ठरत नाही. तो ठरवणारे वर्गीकरणकर्ते स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवाची लांबी किंवा दृष्टी स्वतः तपासतात आणि खेळाडूला बर्फावरही पाहतात. ६० टक्के प्रमाणपत्र असलेला खेळाडू अपात्र ठरू शकतो, आणि ४० टक्केवाला पात्र. तरीही कार्ड आधी काढावेच, कारण त्यावाचून पुढचे एकही दार उघडत नाही. शिवाय शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एमआरआय आणि एक्स-रे इंग्रजी अहवालांसह एका फायलीत लावून ठेवावेत. नियमित औषधे चालू असतील, तर ती उत्तेजकविरोधी नियमांत बसतात का हेही याच टप्प्यावर पाहावे. स्पर्धेच्या तोंडावर परवानगीसाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही.

घरी करायची तयारी

सांगलीकडे तालमींना तोटा नाही आणि सिट-स्कीवाल्याला लागणारे खांदे व मनगटे कमावायला मुद्गलासारखे साधन नाही. मणक्याच्या दुखापतीत मात्र कमरेवर कितपत ताबा आहे हे फिजिओथेरपिस्टकडून पाहून घेऊनच वजन ठरवावे. दुसरा व्यायाम तोलाचा. दीड हात रुंद जाड फळी घ्यावी, तिच्याखाली मधोमध लांबीच्या दिशेने अर्धगोल लाकूड ठोकावे, वर जाड गादी बांधून खेळाडूला पाय पुढे पट्ट्याने आवळून बसवावे आणि मागे एक माणूस उभा करावा. फळी डावीकडे कलंडू द्यायची, पण खांद्यांची रेघ जमिनीला समांतर राखायची. मग हेच उजवीकडे. बर्फावर वळण याच हालचालीने घेतले जाते, कंबर वळणाच्या आत झुकते आणि धड बाहेरच्या बाजूला सावरते. अंगच आत टाकले, तर स्की सुटते आणि खेळाडू आडवा होतो. व्यायाम संपला की कुल्ल्यांची व मांड्यांची कातडी आरशात पाहावी, कारण जिथे संवेदना नाही तिथली लाली वेळीच दिसली नाही, तर जखम महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते.

दृष्टिबाधित खेळाडूने साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात मार्गदर्शकाच्या केवळ आवाजावर धावण्याचा सराव करावा. शब्द मोजके आणि कायमचे ठरलेले असावेत. भाऊ किंवा मित्र मार्गदर्शक म्हणून सोयीचा वाटतो, पण बर्फावर तो खेळाडूपेक्षा सरस उतरणारा असावा लागतो, आणि नेमके हेच पुष्कळदा विसरले जाते.

पहिला हिवाळा

काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि हिमाचलातील सोलंग ही आपली स्कीइंगची ठिकाणे. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था असून जानेवारी ते मार्च हा तिथला भरात असलेला हंगाम. कुठेही अर्ज करण्यापूर्वी सिट-स्की उपलब्ध आहे का आणि ती शिकवलेला प्रशिक्षक आहे का, हे लेखी विचारावे. ‘या, बघू’ असे उत्तर आल्यास जाऊ नये. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट उंचीवर असल्याने पहिले दोन दिवस विश्रांतीचे धरावेत.

थंडीचा धोका पाठकण्याच्या दुखापतीत सर्वांत मोठा. बधिर पायाला हिमदंश झालेला कळत नाही, म्हणून दर तासाला मोजे काढून बोटांचा रंग पाहावा आणि हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवू नये. कृत्रिम पाय वापरणाऱ्याने लायनरचा, म्हणजे आतल्या मऊ आवरणाचा, जादा जोड सोबत ठेवावा, कारण दिवसभरात पायाच्या उरलेल्या भागाचा आकार बदलतो आणि सॉकेट, म्हणजे तो भाग बसतो ती खोबण, सैल पडते. सिट-स्कीची खुर्ची स्वतःच्या मापाची नसेल, तर कमरेचा हुकूम स्कीपर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्याची खुर्ची घ्यावीच लागली, तर पोकळ जागा फोमने घट्ट भराव्यात.

शर्यती स्लालम व जायंट स्लालम या वळणांच्या प्रकारांपासून सुरू कराव्यात. त्यांत दोन फेऱ्यांची बेरीज होते आणि वळणे जवळजवळ असल्याने वेग आटोक्यात राहतो. डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळे त्याचे नाव काही हंगाम काढूच नये.

खर्च आणि पोटापाण्याचे

नवी सिट-स्की परदेशातून मागवावी लागते आणि किंमत लाखांच्या घरात जाते, म्हणून पहिले दोन हंगाम भाड्याच्या किंवा वापरलेल्या साधनांवर काढावेत. देणगीदाराकडे जाताना स्वप्नांऐवजी खर्चाचा तक्ता न्यावा. साखर कारखान्यांचे व पतसंस्थांचे संचालक आकडे चटकन वाचतात. कारकीर्द लांब पल्ल्याची असते. एक हात गमावलेले जर्मनीचे गेर्ड श्योनफेल्डर १९९२ ते २०१० अशा सहा पॅरालिम्पिकमध्ये उतरले व त्यांनी १६ सुवर्णांसह २२ पदके मिळवली. एवढा काळ घर बक्षिसांवर चालत नाही. म्हणून शिक्षण सोडू नये. सरकारी नोकऱ्यांत २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगांना ४ टक्के आणि राज्याच्या नियमांनुसार खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र खेळाडूंच्या आरक्षणासाठी कोणत्या स्पर्धा व कोणता क्रमांक धरला जातो, हे चालू शासन निर्णयात वाचून मगच स्पर्धा निवडाव्यात आणि प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी त्या-त्या वर्षीच क्रीडा विभागाकडे सुरू करावी.