पार्किंगमधलं शेल्फ आणि वर्कबेंच : या चुका टाळा

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, कुठल्याही रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये डोकावलं तर गाडीच्या मागे तोच पसारा दिसतो. गणपतीचं मखर, कूलरचा सांगाडा, उरलेल्या टाईल्सचे खोके, रंगाच्या अर्ध्या बादल्या आणि एक जुना टायर. मग एका रविवारी घरमालक ड्रिल मशीन काढतो, भिंतीला ब्रॅकेट ठोकतो, वर फळी टाकतो आणि सगळं सामान वर चढवतो. पावसाळा संपेपर्यंत फळी झुकलेली असते. दोष बहुतेक वेळा लाकडाचा किंवा सुताराचा नसतो. भिंतीनं जे वजन उचलायला नको, ते तिच्यावर टाकलेलं असतं.

छोट्या पार्किंगसाठी माझं मत ठाम आहे. वजन जमिनीवर उतरू द्या, भिंतीचा उपयोग रॅक पुढे पडू नये एवढ्यापुरताच करा. बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच टळतात.

भिंत न ओळखता भोक पाडणं

जुन्या बंगल्यांच्या भिंती 9 इंची विटांच्या असतात. नव्या बांधकामात 6 किंवा 4 इंची भिंत, नाहीतर सरळ सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक. ड्रिलमधून येणारी भुकटी पाहिली की अंदाज येतो. लाल आली तर भाजकी वीट. पांढुरकी, पिठासारखी आली आणि बिट लोण्यात शिरावा तसा आत गेला तर सिपोरेक्स. राखाडी आली तर थांबून विचार करा : बिट अडत असेल तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम, बऱ्यापैकी सहज जात असेल तर फ्लाय ॲशची वीट. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ असल्यामुळे राखेच्या विटा आपल्याकडे नवीन नाहीत.

सिपोरेक्समध्ये नेहमीचा प्लास्टिकचा रावल प्लग धरत नाही, तो नुसता गोल फिरतो. तिथे त्या ब्लॉकसाठीच बनवलेला प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) लागतो. विटेच्या भिंतीत दुसरीच चूक होते, स्क्रू आखूड घेतला जातो. प्लॅस्टरच 15-20 मिलिमीटर असतं, म्हणजे दीड इंची स्क्रूचा अर्धा भाग प्लॅस्टरमध्येच अडकतो आणि विटेत जेमतेम उरलेला अर्धा जातो. प्लॅस्टर सोडून निदान 50 मिलिमीटर आत जाईल असाच घ्या.

ब्रॅकेटचा हिशेब एकदा कागदावर केला की डोळे उघडतात. फळी 18 इंच खोल, वर 40 किलो सामान, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून 9 इंचांवर. ब्रॅकेटची भिंतीवरची उंची 6 इंच. वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर होतो 60 किलोंचा. खालच्या पायांवर उभ्या असलेल्या रॅकमध्ये हा जोर जवळजवळ उरतच नाही. वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल-क्लॅम्पने भिंतीला बांधलं की झालं.

आणि 40 किलो म्हणजे फार नव्हे. 2 बाय 2 फुटांच्या चार टाईल्सचा खोका सहज 25 किलोंच्या पुढे जातो. रंग पाण्यापेक्षा जड, त्यामुळे 20 लिटरची भरलेली बादलीही तेवढीच भरते. या दोन वस्तू कायम सगळ्यात खालच्या फळीवर. मखर आणि आकाशकंदील वर.

लांब फळी, मध्ये आधार नाही

प्लायचा पूर्ण ताव 8 बाय 4 फुटांचा येतो, म्हणून 4 फुटांची फळी कापून दोन टोकांवर टेकवायचा मोह होतो. फूटभर जागेत तेवढंच वजन ठेवायचं असेल आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोल सोळा पट वाढतो. याउलट जाडी दुप्पट केली तर तो आठपटीनं कमी होतो. 18 मिलिमीटर प्लायला जड सामानासाठी अडीच फुटांवर आधार द्यावा, आणि पुढच्या कडेला दोन इंच उंचीची पट्टी उभी लावावी. या पट्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा महाग प्लाय आणूनही पडत नाही.

कापताना प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेनं येतील असं पाहा. दुकानदार ताव वाचवण्यासाठी आडवं कापून देतो, तेव्हा तिथेच हटकायचं.

पार्टिकल बोर्ड इथे नकोच. जून ते सप्टेंबर हवा दमट, त्यात अर्धवट उघड्या पार्किंगमध्ये झड येते. बोर्डाच्या कडा फुगतात आणि स्क्रू सुटतात. एमआर म्हणजे कमर्शियल प्लाय घरातल्या कोरड्या खोलीसाठी असतो. पार्किंगसाठी पाण्याला जास्त टिकणारा बीडब्ल्यूआर प्लाय घ्या, झड थेट येत असेल तर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन प्लाय. कापलेल्या कडांना प्रायमर किंवा पॉलिश लावायला विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडून पॅकिंगचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं आणि रॅकसाठी ते वाईट नसतं. परदेशातून आलेल्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) छापलेली अक्षरं मात्र वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीची घरात आणू नका. एचटीचा शिक्का वाळवीपासून मात्र वाचवत नाही. म्हणून लाकडी पाय फरशीला टेकवू नका, खाली लोखंडी बूट हवेत. तळाची फळी 6 इंच वर ठेवा, भिंतीपासून इंचभर फट ठेवा. वाळवीच्या मातीच्या नळ्या फटीत टॉर्च मारून दिसल्या पाहिजेत.

फरशी सपाट आहे असं समजणं

ती सपाट नसते, नसावीच. गाडी धुतलेलं पाणी गेटकडे जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. शंभराला एक इतका साधा उतार धरला तरी 6 फुटांच्या रॅकमध्ये जवळपास 2 सेंटीमीटरचा फरक पडतो. लोक पायाखाली लाकडाची चीप ठोकतात. ती फुगते, कुजते, वाळवीला बोलावते. पायांना लेव्हलिंग बोल्ट (फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे) लावून घ्या आणि पाणसळ फळीवर ठेवूनच ते फिरवा. कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्यानं किंवा 3-4-5 च्या मापानं (बाजू 3 आणि 4 फूट, तर तिरपं अंतर 5 फूट) तपासा.

गाडीचं माप बंद दारानं घेणं ही आणखी एक नेहमीची चूक. 10 फूट रुंद पार्किंगमध्ये हॅचबॅक आरशांसकट सुमारे 190 सेंटीमीटर घेते. उरतात 115. दार उघडून माणूस उतरायचा तर बाजूच्या रॅकला एक फुटापेक्षा जास्त खोली देता येत नाही. डिकीचं दार वर उघडतं हेही विसरू नका. रॅकचं लोखंड किंवा लाकूड कापण्याआधी फरशीवर खडूनं आखा आणि गाडी दोन-तीन वेळा आत-बाहेर करा.

उंची न मोजता केलेलं वर्कबेंच

इथे सातपूर-अंबडच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एखाद्या फिटर काकांना विचारा. व्हाईसच्या (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंजाच्या) जबड्याचा वरचा भाग कोपराच्या उंचीला, ही फिटरची जुनी रीत. जबडे खाली असले तर कानस मारताना कंबर धरते. रंधा मारायचा, जोडाजोड करायची, तर टेबल मनगटाच्या उंचीला, म्हणजे बहुतेकांसाठी 34 ते 36 इंच. व्हाईस स्वतः 5-6 इंच उंच असल्यामुळे दोन्ही गरजा बऱ्याचदा एकाच टेबलावर भागतात. व्हाईस टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, मध्यावर नको. त्याचा मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो.

दिवा पाठीमागे असला की स्वतःचीच सावली कामावर पडते. ट्यूब टेबलाच्या पुढच्या कडेवर टांगा. ग्राइंडर चालवायचा तर अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेलं कनेक्शनच वापरा.

टेबलाखालची रिकामी जागा पाहून लोक इन्व्हर्टरची बॅटरी तिथे सरकवतात. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. थिनर, पेट्रोल आणि गॅस सिलिंडर यांनाही तिथे जागा नाही. त्यांची वाफ किंवा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहतो.

बनवून झालंय आणि त्रास देतंय?

रॅक डावी-उजवीकडे डुलत असेल तर स्क्रू आवळून उपयोग नाही. मागे एक तिरपी पट्टी किंवा 6 मिलिमीटर प्लायचा तुकडा ठोका. झोल आलेली फळी उलटी करून पुढून पट्टी लावा, मधल्या आधाराची सोय झाली तर आणखी बरं. फिरणारा प्लग काढून भोक मोठं करण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहा. सिपोरेक्स असेल तर तिथेच केमिकल अँकर भरा आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत वजन टाकू नका. लोखंडी रॅकच्या वेल्डिंगच्या जोडांवर गंज आला तर नुसता रंग फासू नका. तारेच्या ब्रशनं घासून, रेड ऑक्साइड लावून, मग रंग. उघडी राहिलेली चौकोनी पाइपची तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, नाहीतर पाणी आत साचून पाइप आतून सडतो आणि वरचा रंग मात्र नवाच दिसत राहतो.