कथेत माहितीचा परिच्छेद अडतो तेव्हा: माझा अनुभव

मालवणच्या रापणीवरील (किनाऱ्यावरून जाळे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीवरील) माझ्या कथेत प्रसंग रंगू लागला की मध्येच माहितीचा परिच्छेद येई आणि वाचणारे तिथेच थांबत. तो लहान केला, तळटीपेत टाकला, एका पात्राच्या तोंडी दिला. यातला शेवटचा उपाय सर्वांत वाईट, कारण जन्मभर दोर ओढणारा माणूस शेजाऱ्याला रापण समजावून सांगत नाही. त्या एका पानाने मला अगदी हैराण केले होते.

अखेर पुढील क्रमाने काम झाले. प्रथम मसुदा छापून, प्रसंगातील कोणीही पाहत, करत किंवा बोलत नसलेले प्रत्येक वाक्य अधोरेखित केले. मग समासात लिहिले, की या गोष्टीमुळे याच क्षणी कोणाचे काय अडते. उत्तर सुचले नाही, ते वाक्य काढले. उत्तर मिळाले, तिथे माहिती न सांगता ती अडचणच घडवली: ‘रापणीचे जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढतात’ याऐवजी ‘पलीकडच्या टोकाची माणसे मागे पडली, तसा तांडेलाने हात वर करून आपल्या बाजूचा दोर थांबवला.’ यांत्रिक नौकांवरील १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीचे वाक्य मात्र सरळच ठेवले. ट्रॉलरवर, म्हणजे अशाच यांत्रिक नौकेवर, काम करणारा धाकटा भाऊ उधारी मागायला येतो, तिथे ते फक्त हलवले. शेवटी सगळा प्रसंग मोठ्याने वाचला.

काटछाट पुनर्लेखनाआधीच करावी. एकदा घासून सुंदर केलेले वाक्य काढायला हात धजत नाही.