जुन्या गाड्यांच्या लिलावाचे आकडे वाचताना या चुका टाळा

जानेवारीत ॲरिझोना आणि फ्लोरिडा, फेब्रुवारीत पॅरिस, ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातलं मॉंटेरे. जुन्या गाड्यांच्या मोठ्या लिलावांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं आणि प्रत्येक वेळी एक तरी मथळा आपल्यापर्यंत येतो: 'ही गाडी विकली गेली इतक्या कोटींना!' मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी हळहळतं, "काकांची फियाट भंगारात द्यायला नको होती." गमतीपुरतं ठीक आहे. पण खरोखर गाडी घ्यायला किंवा विकायला निघालेली माणसंही हेच आकडे मनात धरून बसतात आणि तिथेच फसतात. लिलावातला आकडा असतो एका विशिष्ट गाडीचा, एका संध्याकाळचा आणि इरेला पेटलेल्या दोन माणसांचा. त्याला 'चालू भाव' समजलं की पुढच्या चुका आपोआप होत जातात.

विक्रम म्हणजे बाजार, असं धरून चालणं

५ मे २०२२ रोजी मर्सिडीज-बेंझची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. रुपयांत हजार कोटींच्या वर. लिलावात इतकी किंमत आजवर दुसऱ्या कुठल्याच गाडीला आलेली नाही. हा आकडा सगळीकडे फिरला, विक्री कशी झाली ते मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. लिलाव स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात, निवडक निमंत्रितांपुरता झाला. विकणारी स्वतः कंपनीच होती. अशा गाड्या बनल्याच दोन आणि दुसरी कंपनीने स्वतःकडे ठेवली. मिळालेला पैसा पर्यावरण आणि कार्बन-कपातीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती निधीत जाणार होता. म्हणजे तुलनेला दुसरी गाडी नाही, बोलीत मोजकी माणसं आणि विकणाऱ्याला पैशाची निकड नाही. यातून बाजाराविषयी काय कळतं? जवळजवळ काहीच नाही. त्याच घराण्यातली ३०० एसएल गलविंग कूपे सुमारे १,४०० बनल्या. उलेनहाउटमुळे त्यांचे भाव काही दसपट झाले नाहीत.

संग्राहकांना हे पक्कं माहीत असतं. विक्रमाच्या बातमीवर ते गप्पा मारतात आणि भाव ठरवताना तो आकडा बाजूला ठेवतात.

अंदाज आणि निकाल एकाच मापाने मोजलेत असं समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि लिलावघरांना ती गैरसोयीची नसते, एवढंच म्हणतो.

हातोडा ज्या बोलीवर पडतो ती एक रक्कम. त्यावर खरेदीदार लिलावघराला जो अधिभार देतो, म्हणजे बायर्स प्रीमियम, तो धरून होते ती दुसरी. मोठ्या लिलावघरांत रूढ असलेला एक दर असा: पहिल्या अडीच लाख डॉलरवर १२ टक्के, त्यावरच्या रकमेवर १०. आता गंमत बघा. कॅटलॉगमधला अंदाज साधारणपणे प्रीमियम न धरता दिलेला असतो, आणि निकाल जाहीर होतो तो प्रीमियम धरून. समजा, अंदाज १० ते १२ लाख डॉलरचा आहे. हातोडा पडला साडेनऊ लाखांवर, म्हणजे खालच्या अंदाजाच्याही खाली. प्रीमियम चढला की निकालात साडेदहा लाख दिसतात आणि वाचणारा म्हणतो, "अंदाजाप्रमाणेच गेली की!"

याचं मोठं उदाहरण नोव्हेंबर २०२३ मधलं, न्यूयॉर्कचं. १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. लिलावात विकल्या गेलेल्या फेरारींमध्ये तोवरचा उच्चांक. पण हातोडा पडला होता ४ कोटी ७० लाखांवर आणि विक्रीआधीची अपेक्षा होती ६ कोटींहून जास्त. एकच विक्री, वर्तमानपत्रांनी तिला विक्रम म्हटलं आणि जीटीओ बाळगणाऱ्यांनी तिच्यात थंडावलेला बाजार पाहिला. दोघांचंही बरोबर होतं.

विकणाऱ्याच्या हातात काय पडतं हे तर निकालात कुठेच नसतं. त्याचं कमिशन, वाहतूक, विमा हे सगळं त्यातून जायचं असतं.

रुपयांत बदलून वाढ मोजणं

जीटीओचंच पुढे नेतो. ऑगस्ट २०१४ मध्ये एक जीटीओ ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेली, २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना, २०२३ मध्ये वर सांगितलेली. २०१४ ते २०२३ ही डॉलरमधली वाढ साधारण ३६ टक्के. रुपयांत केलंत तर तेव्हा डॉलर ६१ च्या आसपास होता आणि नंतर ८३ च्या. २३२ कोटींचे ४३० कोटी झाले, म्हणजे ८५ टक्के वाढ! यातली निम्म्याहून अधिक वाढ गाडीची नाहीच, ती रुपयाची घसरण आहे. उलट अमेरिकेतली महागाई धरली तर २०१४ चे ३ कोटी ८१ लाख २०२३ मध्ये जवळपास ४ कोटी ९० लाख होतात. खरी वाढ उरते पाचेक टक्क्यांची, तीही नऊ वर्षांत. शिवाय या तीन वेगवेगळ्या गाड्या, तिघींच्या शर्यतींचे इतिहास वेगळे. एकूण जीटीओ बनल्या ३६. त्यातल्या तीन निवडून त्यांच्यातून सरळ रेघ ओढणं धाडसाचंच.

रेघ नेहमी वरच जाते असंही नाही. १९८९ च्या सुमारास जपानी पैशाच्या लाटेत जीटीओ एक कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. लाट ओसरल्यावर नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती त्याच्या एक-तृतीयांशावर आली. ज्यांनी शिखरावर घेतली त्यांची नावं कुठल्या मथळ्यात येत नाहीत.

पडद्यावरचा आकडा खरा मानणं, न विकलेल्या गाड्या विसरणं

ऑगस्ट २०१९, मॉंटेरे. १९३९ ची पोर्शे टाइप ६४ मंचावर आली. बोली सुरू झाली १ कोटी ३० लाख डॉलरवर, पण मागच्या पडद्यावर झळकले ३ कोटी. मग ४, ५, ६ कोटी करत पडदा ७ कोटींवर पोचला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. लिलाव पुकारणाऱ्याने मग सांगितलं की बोली १ कोटी ७० लाखांची आहे. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'सेव्हन्टीन' आणि 'सेव्हन्टी' यांचा घोळ झाला होता. सभागृहात हुर्यो उडाली आणि गाडी विकलीच गेली नाही.

घोळ सोडून देऊ. महत्त्वाचं आहे ते शेवटचं वाक्य. मालकाने ठरवलेल्या राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही की गाडी परत जाते. अशा गाड्या प्रत्येक लिलावात असतात आणि निकालांच्या यादीत त्या एक तर किमतीशिवाय दिसतात किंवा नजरेआड होतात. सरासरी निघते ती फक्त विकल्या गेलेल्यांची. राखीव किंमत नसलेल्या, म्हणजे 'नो रिझर्व्ह' गाडीला मिळालेला आकडा त्या मानाने जास्त बोलका, कारण ती जाणारच असते, चढ्या भावाने किंवा पडत्या.

चकाकीला पैसे मोजणं

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की आधी रंगकाम आठवतं. लिलावाच्या जगात हिशेब उलटाही चालतो. २०१५ मध्ये पॅरिसला बाईयों कुटुंबाच्या शेडमधल्या ५९ गाड्या विक्रीला आल्या, बहुतेक गंजलेल्या, काही छपराखाली पार चेपलेल्या. सगळ्या विकल्या गेल्या. त्यातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली होती, धुळीसकट; ती गेली १ कोटी ६३ लाख युरोंना. २०२३ मध्ये मॉंटेरेला तर एक जळालेली फेरारी ५०० मोंडियाल आली. तिला गाडी म्हणणंही अवघड होतं, चुरगळलेला पत्रा नुसता. १८ लाख ७५ हजार डॉलर!

हे वेड वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. मोंडियाल घेणाऱ्याने पत्रा घेतला नाही. त्याने चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक घेतला, म्हणजेच त्या नंबराखाली नवी उभी केलेली गाडी खरी मोंडियाल म्हणवण्याचा हक्क. कॅलिफोर्निया स्पायडर घेणाऱ्याने कुणी हात न लावलेली अवस्था घेतली. रंग केव्हाही नवा देता येतो, मूळचा रंग एकदा खरवडला की गेला. म्हणून अनुभवी खरेदीदार आधी इंजिन आणि चॅसिसचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का ते बघतो, आणि क्रोमकडे सगळ्यात शेवटी.

यातून उलटी चूक करू नका. धूळ असली की किंमत, असंही नाही. सामान्य मॉडेल गंजलेलं असेल तर ते गंजलेलं सामान्य मॉडेल असतं, आणि त्याच्या पूर्ण दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दुसऱ्याने खर्च करून ठेवलेली गाडी घेणं स्वस्त पडतं, हा सल्ला या छंदात सगळेच देतात आणि फार थोडे ऐकतात.

गोष्टीला कागद न मागणं

हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर पळवलेली १९६८ ची मस्टँग २०२० मध्ये ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. विकणाऱ्या कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरना घेतली होती. सहाशे पटीहून जास्त! वर्षाला किती ते काढलं तर चक्रवाढीने साधारण १५ टक्के, त्यातून ४६ वर्षांची जागा आणि देखभाल वजा जायची. आणि हे भाग्य त्या एका मस्टँगचं. कागदपत्रं होती, खुद्द मॅक्वीनने ती परत मागणारं पत्र पाठवलं होतं. तशाच दिसणाऱ्या बाकीच्या मस्टँगना या गोष्टीचा दमडीचाही उपयोग नाही.

आपल्याकडे याचा अवतार म्हणजे 'महाराजांची गाडी'. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिशीच्या दशकात लंडनच्या गर्नी नटिंगकडून ड्यूसेनबर्ग आणि हिस्पानो-सुइझा यांवर बॉडी बांधून घेतली, हे खरं आणि नोंदलेलं आहे. पण जुन्या बाजारातली प्रत्येक रोल्स कुठल्या ना कुठल्या संस्थानाची निघते. रोल्सच्या बाबतीत तपासणं सोपं आहे: पहिला खरेदीदार कोण हे सांगणारी चॅसिस कार्डं इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबमुळे मिळू शकतात. विकणारा कार्ड मागवू देत नसेल तर संस्थानाचे पैसे किमतीतून वजा करा.

कालचं मागणं आजही असेल असं मानणं

लहानपणी भिंतीवर ज्या गाडीचं पोस्टर होतं ती माणूस पन्नाशीत घेतो. त्यामुळे मागणी पिढीबरोबर सरकते. २०२१ मध्ये पेबल बीचला मॅक्लारेन एफ१ दोन कोटी डॉलर ओलांडून गेली. ती नव्वदच्या दशकातली गाडी. युद्धापूर्वीच्या साध्या मॉडेलांना तेवढे गिऱ्हाईक उरलेले नाहीत.

घरच्या फियाटचं काय?

मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर आपला जीव आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा बरेच जण हळवे झाले, आणि जाहिरातींतले भावही चढले. पण पद्मिनी संख्येने भरपूर बनली, आणि जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. चांगल्या, कागद पूर्ण असलेल्या गाडीला हौशी गिऱ्हाईक मिळतं. मॉंटेरेच्या आकड्यांशी तिचा संबंध जोडू नका.

त्याआधी कागद बघा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली बिगरव्यावसायिक गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरपाटीत 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. म्हणजे १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालेल्या सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे यात बसू लागल्या आहेत. कुणी डिझेल इंजिन टाकलं असेल, तर ती शंका आधी आरटीओत फेडून घ्या.

आकडे जुळत नसतील तर

एकाच विक्रीचे दोन आकडे दिसले तर आधी प्रीमियम तपासा. फरक दहा-बारा टक्क्यांचा असेल तर उत्तर तिथेच आहे. नाही जुळलं तर चलन: पॅरिसचा निकाल युरोत, बातमी डॉलरमध्ये, आणि दर कुठल्या दिवसाचा कोण जाणे. तरीही नाही जुळलं तर मॉडेलचं नाव सोडा आणि चॅसिस नंबर शोधा. बहुतेक वेळा निघतं असं की त्या दोन वेगळ्या गाड्या होत्या, किंवा एक विक्री मंचावर झालीच नव्हती, लिलाव संपल्यावर मागच्या खोलीत झाली होती.