रोज कमरेला बाळगायचे छोटे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कसे निवडावे

विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, तासगावच्या बेदाणा सौद्यात उठबस असलेले व्यापारी, साताऱ्याकडे मळ्यात एकटे राहणारे निवृत्त फौजी. यांच्यापैकी कुणी शस्त्र परवाना घेऊन दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" रोज बाळगायचे असेल तर त्याचे उत्तर काउंटरवर कमी आणि तुमच्या कमरेवर जास्त मिळते. दिवसभर कपड्याखाली राहील, मांडी घालून बसले तरी टोचणार नाही आणि हातात घेतल्यावर पूर्ण ताब्यात राहील, असे शस्त्र हवे. बाकीचे त्यानंतर.

आपल्याकडे झाकून बाळगणे हा नियमच आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. बुलेटवरून जाताना शर्टाखालून मूठ दिसू देणारे लोक रुबाब करत नसतात, नियम मोडत असतात.

परवान्यापासून सुरुवात करा

परवान्याशिवाय यातले काहीही करायचे नाही. गावठी कट्टा स्वस्तात मिळतो म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा. वय २१ पूर्ण हवे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो. जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे हे कागदावर दाखवावे लागते. "असावं एक घरात" हे कारण होत नाही. सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही नियमातच आहे. ते उरकून टाकण्याची गोष्ट समजू नका, कारण पुढची निवड त्याच्याच जोरावर करायची आहे.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा आजोबांची बारा बोअर तुमच्या नावावर असेल तर उरलेली जागा एकच. ती विचार करून भरा.

परवाना हातात आला की क्षेत्र कुठले लिहिले आहे ते वाचा. फक्त महाराष्ट्र असेल तर मिरजेहून अथणीला किंवा जतहून विजापूरला जाताना शस्त्र घरीच राहील. सीमेवरच्या माणसाला हे रोजच्या कामात आडवे येते.

.३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे

सिनेमात दिसणारे ९ मिमी पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) मोडते, त्यामुळे त्याची चर्चा सामान्य परवानाधारकाने चहाबरोबर करावी आणि विसरावी. कमरेच्या शस्त्रासाठी व्यवहारात उरते ते मुख्यतः .३२, आणि थोडेफार .२२ (हे आकडे इंचातले).

पण .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि .३२ पिस्तुलाचे वेगळे. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागते: लांब, मागे कड असलेले. पिस्तुलाला .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिमीही म्हणतात. ते आखूड असते. एकाचे दुसऱ्यात वापरायचे नाही, बसल्यासारखे वाटले तरी. काडतुसे घेताना डबीवरचे पूर्ण नाव वाचा आणि परवान्यावर लिहिलेली संख्या ओलांडू नका.

.३२ ची ताकद बेताची असते हे खरे. पण गोळी सुटताना हाताला बसणारा धक्काही बेताचा असतो, आणि नेम धरून नीट चालवता येणारे .३२ हे हात हलवून सोडणाऱ्या मोठ्या बोअरपेक्षा कधीही बरे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

इथे माझे मत सरळ आहे. महिन्या-दोन महिन्यांत एकदाही सराव होणार नसेल, तर रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) नाही, स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) नाही, सेफ्टी काढली की नाही हा घोळ सहसा नाही. भरलेले आहे की रिकामे, हे सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता गोल भाग, उघडताच डोळ्यांना दिसते. काडतूस फुटले नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे घर समोर येते. (सरावात मात्र न फुटलेल्या काडतुसानंतर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबायचे असते. कधी कधी ते उशिरा फुटते.)

पिस्तूल चपटे असते, म्हणून शर्टाखाली लपते चांगले. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुगवटा दाखवतो. पण छोट्या .३२ पिस्तुलांची स्प्रिंग बऱ्याचदा कडक असते. ज्येष्ठ माणसाला किंवा बोटांत संधिवात असलेल्याला स्लाइड मागे ओढणे जड जाते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा गैरसमज सगळ्यात घातक: एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, राहिलेले असू शकते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. हा क्रम उलटा केला तर चेंबरमध्ये नवे काडतूस जाऊन बसते.

देशी रिव्हॉल्व्हरांत जुने .३२ मॉडेल वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचे आहे, नळी पुढे मोडून उघडते. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' आणले: सुमारे अर्धा किलो वजन, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. किमतीवरून त्या वेळी बरीच टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. २०२३ मध्ये कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' आणले: ७०० ग्रॅम वजन, ७६ मिमी नळी आणि बाजूला उघडणारा सिलिंडर. बाजूला उघडणारा सिलिंडर भरायला आणि तपासायला सोयीचा पडतो.

हलके म्हणजे चांगले, असे पटकन वाटते. बाळगायला ते चांगलेच. पण वजन जितके कमी तितका धक्का मनगटात जास्त येतो. अर्धा किलो ते पाऊण किलो यांच्या मध्ये आपला तोल शोधावा लागतो, आणि तो वजनकाट्यावर न शोधता हातात धरून शोधावा.

काउंटरवर काय पाहायचे

दुकानदाराने रिकामे करून दाखवले तरी तुम्ही स्वतः पुन्हा तपासा. यात कुणाचा अपमान होत नाही. नळी माणसांकडे न नेता सुरक्षित दिशेला धरा, बोट चापाबाहेर.

मूठ धरल्यावर करंगळी हवेत राहते का? फार छोट्या मुठीत ती राहते आणि पकड सैल होते. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का? रिव्हॉल्व्हरचा चाप डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न चढवता, लांब आणि जड ओढावा लागतो. तो ओढताना नळीचे टोक डुलते का, ते दुकानदाराच्या परवानगीने रिकाम्या शस्त्रावर पाहा. डुलत असेल तर शस्त्र तुमच्या हाताचे नाही, मग ते कितीही देखणे असो. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी तुमच्या चष्म्यातून स्पष्ट दिसते का, हे चाळिशीनंतर मुद्दाम पाहावे. घोड्याचा काटा टोकदार असेल तर तो शर्टाच्या अस्तरात अडकतो.

जुने विदेशी शस्त्र घेण्याचा मोह अनेकांना होतो. १९८० च्या दशकात दुकानदारांची आयात बंद झाल्यापासून त्यांच्या किमती अवाच्या सवा आहेत. नावावर पैसे मोजण्याआधी नळीत गंजाचे खड्डे आहेत का, घोडा चढवल्यावर सिलिंडर हलतो का, शस्त्रावरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळतो का, हे जाणकाराकडून पाहून घ्या. त्या शस्त्राचे काडतूस आणि सुटे भाग इथे मिळतात का, हेही. वडिलांचेच शस्त्र घरात असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. वडील हयात असले तरी त्यांचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल तर तो मार्ग खुला आहे.

होल्स्टर आणि पट्टा

लाखभर रुपयांचे शस्त्र आणि दोनशे रुपयांचे कापडी कव्हर, हे चित्र फार दिसते. होल्स्टरने चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलीच पाहिजे. शस्त्र काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये आणि वाकल्यावर शस्त्र घसरता कामा नये. गावात चामड्याचे शिवून घेणार असाल तर या तीन गोष्टी कारागिराला सांगा. माप देताना शस्त्र रिकामे, काडतुसे घरी. पट्टा जाड आणि ताठ हवा. मऊ पट्ट्यावर वजन लोंबकळते आणि सारखा हात तिकडे जातो, मग लपवून उपयोग काय?

नवशिक्याने उजव्या बाजूला (डावखुऱ्याने डाव्या) कमरेच्या हाडामागे बाळगावे. पोटापुढे बाळगल्यास नळी मांडीकडे राहते, ते सरावाच्या माणसांचे काम. मग रिकाम्या शस्त्रासह घरात एक दिवस काढा: पंगतीला बसल्यासारखी मांडी घाला, दुचाकीला टांग मारा, चारचाकीचा पट्टा लावा, बुटाची लेस बांधा. जिथे खुपते तिथे होल्स्टर बदला. बहुतेक वेळा शस्त्र बदलायची गरज पडत नाही.

आटपाडी-जतच्या उन्हाळ्यात घाम आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसात दमट हवा, दोन्ही लोखंडाचे वैरी. रात्री शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडे ओल धरते. पुसून, तेलाचा पातळ हात देऊन कुलपात ठेवा.

घेतल्यानंतर

शस्त्राची आणि क्रमांकाची नोंद परवान्यावर वेळेत करून घ्या. मूळ परवाना शस्त्राबरोबर ठेवा. वरातीत हवेत बार काढण्याची फर्माईश कितीही जवळच्या पाहुण्याने केली तरी ऐकू नका. २०१९ पासून त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दारू घ्यायची त्या संध्याकाळी शस्त्र कुलपात.

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते, आणि आपल्याकडे निवडणुका काही संपत नाहीत. जमा करण्याआधी साफ करून तेल लावा, क्रमांकासह पावती घ्या, परत घेताना नळीत डोकावण्याआधी रिकामे असल्याची खात्री करा.

आणि घर सांगलीत कृष्णेच्या पूररेषेत असेल तर तिजोरी तळमजल्यावर बसवू नका. २०१९ च्या पुरात तळमजले बुडाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. पाणी वाढू लागले आणि घर सोडायची वेळ आली, तर शस्त्र, काडतुसे आणि परवाना रिकाम्या घरात न ठेवता पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन निघा.