टायटॅनियमवरील ऑक्साइड थराची गंजरोधकता मोजताना

संशोधनासाठी टायटॅनियमवरील संरक्षक ऑक्साइड लेप हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिली अडचण ही असते की हा धातू मुळातच सहसा गंजत नाही. हवेत त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर आपोआप बसतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. म्हणूनच खोलीच्या तापमानाला ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात लेप दिलेला आणि न दिलेला असे दोन्ही नमुने उत्तम ठरतात, आणि त्यांच्यातला फरक लेपामुळे आहे की पॉलिशमुळे, हे सांगता येत नाही. लेपाचा खरा कस आम्लयुक्त फ्लोराइडच्या द्रावणात किंवा तापलेल्या क्लोराइडच्या अरुंद फटीत लागतो.

ॲनोडायझिंगमध्ये, म्हणजे द्रावणात वीज देऊन ऑक्साइड थर वाढवण्याच्या पद्धतीत, दर व्होल्टमागे साधारण दोन नॅनोमीटर थर वाढतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे सोनेरी, निळे, जांभळे रंग दिसतात. ते छायाचित्रांत फार शोभतात, पण रंगावरून जाडीचा अंदाज येतो, थर किती घट्ट आहे हे कळत नाही. काहीशे व्होल्टवर ठिणग्या पाडून दिलेला प्लाझ्मा लेप तर मायक्रोमीटरमध्ये मोजावा इतका जाड असूनही सच्छिद्र असतो. द्रावण त्या छिद्रांतून आत झिरपते आणि प्रत्यक्ष संरक्षण धातूला चिकटलेला पातळ, सलग थर करतो. हे दोन थर वेगळे ओळखण्यासाठी प्रतिबाधा (इम्पीडन्स) मापन, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या प्रत्यावर्ती विजेला नमुना किती अडवतो ते मोजणे, हेच माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन आहे, आणि ते शिकण्यात वेळ घालवावा.

टॅफेल आलेखावरून (विभव, म्हणजे व्होल्टेज, आणि प्रवाहाचा लॉगरिदम यांच्या आलेखावरून) काढलेल्या गंजप्रवाहाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये, कारण निष्क्रिय, म्हणजे गंज रोखणारा, थर असलेल्या धातूच्या आलेखात धनाग्री (ॲनोडिक) बाजूला सरळ रेषा सहसा मिळतच नाही, तरी सॉफ्टवेअर ती निमूटपणे आखून देते. त्याऐवजी निष्क्रिय टप्प्यातील प्रवाहघनता (दर क्षेत्रफळामागचा प्रवाह) आणि ०.०१ हर्ट्झजवळील प्रतिबाधा द्यावी. प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरात असल्याने चाचणीचा सेल फॅरेडे पिंजऱ्यात (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या पेटीत) ठेवावा, विभव स्थिरावल्याखेरीज मापन सुरू करू नये आणि प्रत्येक विभवासोबत संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) कोणता होता ते लिहावे. चाचणी संपल्यावर नमुन्याचा बाकी भाग झाकणाऱ्या इपॉक्सीची (राळेची) कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी; द्रावण तिच्याखाली शिरलेले दिसल्यास तो नमुना बाद करावा, त्याचा आलेख कितीही देखणा आला असला तरी.