ताळेबंद मागून वाचावा : उद्योगजगतातील शोधपत्रकारितेची पूर्वतयारी

उद्योग आणि अर्थविषयक शोधपत्रकारितेत येऊ पाहणाऱ्या तरुण बातमीदाराची सर्वसाधारण समजूत अशी असते की, कंपनीतला कोणी नाराज माणूस कागदांचे पाकीट आणून देईल आणि बातमी उभी राहील. असे क्वचित घडतेही. परंतु आतला कागद काय सांगतो आहे हे ज्याला उमगत नाही, त्याच्या हाती ते पाकीट पडले काय नि न पडले काय, सारखेच. म्हणून आधी कागद वाचायला शिकावे आणि माणसे त्यानंतर जोडावीत.

अर्थविषयक पत्रकार सुचेता दलाल यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. संख्याशास्त्रातील पदवी आणि कायद्याचे उच्च शिक्षण अशी दुहेरी बैठक असलेल्या दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांतील सुमारे ५०० कोटी रुपयांच्या तफावतीला वाचा फोडली आणि शेअर दलाल हर्षद मेहता याचे प्रकरण चव्हाट्यावर आले. त्या व्यवहारांची रीत नवोदिताने मुळातून समजून घ्यावी. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकून ठरलेल्या मुदतीनंतर परत विकत घेत. मध्ये एखादा मध्यस्थ (ब्रोकर) असे आणि प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पुष्कळदा ‘बँक रिसीट’ नावाची पावतीच हातात पडे. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी पाठीशी रोखे नसताना अशा पावत्या दिल्या आणि बँकांचा पैसा शेअर बाजाराकडे वळला. पावती आहे, पण रोखे कुठे आहेत, हा प्रश्न कोणी वेळेवर आणि चिकाटीने विचारला असता, तर बराच अनर्थ टळला असता.

कंपनीचा वार्षिक अहवाल हातात घेतल्यावर तो मागून वाचण्याची सवय लावावी. अध्यक्षांचे मनोगत आणि वृक्षारोपणाची रंगीत छायाचित्रे सवडीने पाहिली तरी चालतात. प्रथम लेखापरीक्षकांचा अहवाल आणि त्याचे परिशिष्ट वाचावे. लेखापरीक्षकाने मुदतीआधीच राजीनामा दिला असेल, तर तेवढ्यावरूनही चौकशी सुरू करता येते. त्यानंतर हिशेबांखालच्या टिपा वाचाव्यात, त्यातही संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक व त्यांच्या इतर कंपन्यांशी, झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी, म्हणजे पुढे अंगावर येऊ शकणारी देणी, यांच्या टिपा बारकाईने. प्रवर्तकांच्याच (कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्यांच्याच) दुसऱ्या कंपनीला बिनव्याजी दिलेली रक्कम अशाच एखाद्या टिपेत, बारीक अक्षरांत सापडते.

रोख शिलकेची पडताळणी मात्र स्वतः गणित मांडून करावी. समजा, एका कंपनीने वर्षभर सरासरी १,००० कोटी रुपये बँकेत असल्याचे दाखवले आहे आणि ठेवींवरील व्याजाचे उत्पन्न १५ कोटी रुपये आहे. म्हणजे परतावा दीड टक्का झाला. त्या वर्षी मुदतठेवीचा दर सहा-सात टक्के असेल, तर एवढा पैसा चालू खात्यात का पडून आहे, तो केवळ ३१ मार्चपुरताच खात्यात आला होता का, की तो मुळात नाहीच, हे तिन्ही प्रश्न विचारणे भाग आहे. हाती रग्गड रोकड असल्याचे दाखवणारी कंपनी चढ्या दराने कर्ज घेत असेल, तर संशय अधिकच बळावतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या संगणक सेवा कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुलीपत्र दिले, तेव्हा ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. नफा वर्षानुवर्षे वाढतो आहे, येणी (ग्राहकांकडून यायच्या रकमा) फुगत आहेत आणि धंद्यातून रोकड मात्र येत नाही, हे लक्षणही तितकेच बोलके असते.

यानंतर कंपनीबाहेरचे कागद गोळा करावेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची आणि मालमत्तेवरील कर्जबोजांची नोंद पाहता येते. महाराष्ट्रातील जमिनीचा विषय असेल, तर खरेदीसाठी सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढावी आणि सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना पाहावा, कारण कर्जाचा बोजा तेथे नोंदलेला असतो. बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकाराखाली द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेविरुद्ध दिलेला निकाल जवळ ठेवावा. माहिती अधिकाराच्या अर्जात त्याचा हवाला देता येतो.

कागदांत सापडलेल्या पत्त्यावर स्वतः जाऊन यावे. वायरकार्ड या पैशांच्या ऑनलाइन देवघेवीची सेवा देणाऱ्या जर्मन कंपनीबाबत ‘फायनान्शियल टाइम्स’च्या बातमीदारांनी आशियातील तिच्या भागीदारांचे पत्ते असेच शोधून काढले. जर्मन नियामकाने तर उलट त्या बातमीदारांविरुद्धच तक्रार केली. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरोंचा पत्ता नसल्याचे कंपनीलाच मान्य करावे लागले. नियामक आपल्या बाजूने असेल, असे गृहीत धरू नये, ते यासाठी.

माणसांकडे जाताना मोठ्या साहेबांपेक्षा लेखा विभागातून बाहेर पडलेले कर्मचारी आणि बिले थकलेले पुरवठादार अधिक उपयोगी पडतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एचडीआयएल या बांधकाम कंपनीची थकीत कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप २०१९ मध्ये पुढे आला. एवढा खटाटोप कारकुनी हातांशिवाय होत नसतो. माहिती देणाऱ्याचा हेतू कोणता हे अवश्य ताडावे, पण हेतू वाईट आहे म्हणून कागद खोटा ठरत नाही, आणि तो भला आहे म्हणून खराही ठरत नाही.

बातमी देण्यापूर्वी कंपनीला मुद्देनिहाय लेखी प्रश्न पाठवावेत, उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी आणि उत्तराचा आशय बातमीत घ्यावा. अब्रुनुकसानीची नोटीस आलीच, तर हा पत्रव्यवहार कामी येतो. चौकशी चालू असलेल्या कंपनीचे शेअर बातमीदाराने स्वतः किंवा घरच्यांच्या नावे घेऊ अथवा विकू नयेत. आधीपासून असतील, तर पहिला प्रश्न पाठवण्यापूर्वीच संपादकांना तसे लेखी कळवावे.