गावात योजना नेताय? मग महिन्याभराने परत जाऊन काय बघणार ते आधी ठरवा

किती पंप बसले, किती मीटिंगा झाल्या हे मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात, पण त्यावरून लोकांच्या घरात काय बदललं ते अजिबात कळत नाही.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने काय केलं बघा. 1980 पासून त्यांनी घरोघरी बायका पाठवल्या, जुलाब झालेल्या पोराला काय पाजायचं ते आईला शिकवायला. अर्धा लिटर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, आणि नुसतं सांगायचं नाही तर आईच्याच हाताने करून घ्यायचं. पैसे मात्र घरं मोजून नाहीत! साधारण महिन्याने दुसरं कोणीतरी त्यातल्या थोड्या घरी जायचं आणि आईला किती आठवतंय त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. तुम्हीपण पैसे शक्यतो असेच ठरवा.

तरी पुढे लक्षात आलं की आयांना सगळं पाठ होतं पण पोर आजारी पडलं की पाजत होत्या थोड्याच. खोदून विचारल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींचाच त्यावर भरवसा नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना हे पाणी पोटात काय काम करतं ते नीट समजावलं, बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलले, आणि मग वापर वाढला. 1990 पर्यंत 1 कोटीच्या वर घरं झाली. म्हणून माहितीय का एवढं विचारून थांबू नका, मागच्या वेळी पोर आजारी पडलं तेव्हा काय केलं तेही विचारा.

याच्या उलट प्लेपंप. पोरं चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल अशी कल्पना, दक्षिण आफ्रिका, मोझांबिककडे बसवले, काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून. पोरं दिवसभर थोडीच खेळणार, मग ते जड चक्र बायकाच ढकलत बसल्या, आणि बिघडलं की गावात दुरुस्त करणारं कोणी नाही.

म्हणून जुनं काढायच्या आधी पाणी भरायच्या वेळेला तिथे जाऊन उभे राहा, भरणाऱ्या बायकांनाच नवीन पंप चालवून बघू द्या, सुटा भाग कुठून येणार, किती दिवसांत येणार, पैसे कोण देणार हे लिहून घ्या, आणि नवीन पंपाने एक अख्खा उन्हाळा काढेपर्यंत जुन्याला हात लावू नका.